प्रोपेनवरचं इंजिन लोडखाली दम तोडतं: स्क्रूला हात लावण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ठरवा, कारण सगळ्या तक्रारी वरवर सारख्याच वाटल्या तरी त्यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार ही: इंजिन थंड असताना लगेच सुरू होतं, सपाटीवर छान पळतं, पण लांब चढ लागला किंवा माल भरला की काही मिनिटांत पिकअप जातो. एक्सलेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठणठणीत. त्या वेळी बॉनेट उघडलं तर रेड्युसरवर, म्हणजे दाब उतरवून द्रव प्रोपेनचा वायू करणाऱ्या भागावर, पांढरा बर्फ जमलेला दिसतो.

दुसरी: आयडलला उत्तम चालतं, एक्सलेटर दिला की गुदमरून बंद पडतं. हे बहुतेक वेळा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून परत उघडल्यानंतर सुरू होतं.

तिसरी: मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत) बॅकफायर, म्हणजे मिश्रण सिलेंडरबाहेरच पेटणं. एक्सलेटर झटकन दिला किंवा सोडला की धाडकन आवाज येतो, आणि त्यानंतर आयडल बिघडतं.

चौथी: इंजिन गरम झालं की आयडलला थरथरतं, एखादा सिलेंडर मिस मारतो, आणि हे महिन्यागणिक वाढत जातं. ट्यूनिंग केलं की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पाचवी: ताकद ठीक आहे, पण गॅस फार जातो आणि एक्झॉस्टजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. इथे एक लक्षात ठेवा. एक लिटर द्रव प्रोपेनमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. त्यामुळे लिटरच्या हिशेबात खप पेट्रोलपेक्षा २५ ते ३० टक्के जास्त दिसला तर तो दोष नाही. त्यापलीकडे गेला तरच शोध घ्यायचा.

माझं ठाम मत सांगतो, आणि पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. पेट्रोलच्या सवयीचा माणूस पहिला हात मिक्सरच्या, म्हणजे हवा आणि गॅस मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूला घालतो. कार्ब्युरेटरवर ते चालून जायचं. प्रोपेनमध्ये इंधन टाकीत द्रव असतं आणि इंजिनात वायू होऊन जातं. मधल्या वाटेवर त्याला उष्णता मिळाली पाहिजे आणि रस्ता मोकळा मिळाला पाहिजे. या दोनपैकी एक गोष्ट कमी पडत असताना स्क्रू फिरवला, तर बिघडलेल्या अवस्थेला जुळणारं ट्यूनिंग होतं, आणि मूळ दोष गेल्यावर ते ट्यूनिंगच नवा दोष बनतं. म्हणून आधी पुरवठा, मग उष्णता, मग हवा आणि ठिणगी, आणि स्क्रू त्यानंतर.

हे सगळं मुख्यतः रेड्युसर आणि मिक्सर असलेल्या साध्या रचनेला लागू आहे. वायू इंजेक्शनच्या गाड्यांत टाकी, फिल्टर, रेड्युसर आणि कूलंटचा भाग सारखाच असतो, तेवढं वापरता येईल. द्रव प्रोपेन थेट इंजेक्टरपर्यंत नेणारी रचना वेगळी आहे. तिला हे लावू नका.

हात लावण्याआधी

काम उघड्यावर करा. पिटवर नाही, बंद गॅरेजमध्ये नाही. प्रोपेनचा वायू हवेच्या दीडपट जड असतो, तो खाली साचतो, खड्ड्यात उतरतो आणि तिथेच थांबतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २.१ ते ९.५ टक्के असलं की एक ठिणगी पुरते. कुठलाही जोड सैल करण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे लाइनमधला गॅस जळून जातो. तरीही थोडा द्रव राहू शकतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं. कातडीवर पडलेला थेंब त्या तापमानाने जाळतो. जाड हातमोजे आणि चष्मा लागतोच. गळती शोधायला साबणाचं पाणी. काडी, लायटर कधीच नाही.

इंधन किती आहे, कोणतं आहे, कसं निघतंय

फुकटातली तपासणी हीच, आणि हीच सगळे वगळतात.

टाकी तळाला आलेली असेल तर चढावर किंवा वळणावर आतल्या नळीचं टोक उघडं पडतं. द्रवाऐवजी वायू ओढला जातो आणि ताकद जाते. सपाटीवर ही तक्रार दिसत नाही, म्हणून माणूस रेड्युसरमागे लागतो. आधी टाकी भरा आणि त्याच चढावर परत चालवून बघा. भरताना ८० टक्क्यांची मर्यादा असते. तापमान वाढलं की द्रव फुगतो आणि त्याला वरची मोकळी जागा लागते. व्हॉल्व्ह त्या मर्यादेला थांबत नसेल तर ती तक्रार थेट टाकीच्या जाणकाराकडे जाते, आपल्या पान्यांकडे नाही.

मग गॅस कोणता भरला ते विचारा. वाहनात भरला जाणारा गॅस सगळीकडे शुद्ध प्रोपेन नसतो, पुष्कळदा त्यात ब्युटेन मिसळलेलं असतं. शुद्ध प्रोपेनचा टाकीतला दाब २० अंशांना सुमारे ७.५ बार, ० अंशाला ३.७ च्या आसपास आणि उणे २० ला जेमतेम १.४ बार असतो. ब्युटेन ० अंशाच्या जवळपासच उकळतं, म्हणजे कडक थंडीत ते दाब जवळजवळ देतच नाही. थंडी पडली की पहाटे गाडी ओढत नाही आणि दुपारी ठीक होते, असं असेल तर हे मिश्रण पहिलं संशयित.

बदलता गॅस सिलेंडर वापरत असाल तर तो कसा ठेवला आहे ते बघा. आडव्या ठेवायच्या सिलेंडरला एक खूण किंवा खाच असते, आणि ती ठरलेल्या दिशेलाच बसली पाहिजे. थोडा जरी फिरला तरी आतल्या नळीचं तोंड द्रवातून वर येतं. अशा वेळी सिलेंडरवरच दव किंवा बर्फ दिसतो, कारण द्रवाचा वायू तिथेच होऊ लागतो. उभा ठेवायचा घरगुती वापराचा सिलेंडर वायू देतो, द्रव नाही. तो इंजिनाला जोडणं चुकीचं आणि धोक्याचंही आहे.

आता वरची दुसरी तक्रार. टाकीच्या तोंडाशी एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह असतो. पुढे लाइन तुटली तर गॅस भसाभसा बाहेर येऊ नये म्हणून, प्रवाह एकदम वाढला की तो झटकन मिटतो. तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह घाईने पूर्ण उघडलात तर रिकामी लाइन भरताना तोच प्रवाह तयार होतो, आणि लाइन तुटली असं समजून तो मिटतो. त्याच्या बारीक छिद्रातून थोडा गॅस येत राहतो. आयडलला तेवढा पुरतो, लोडला पुरत नाही. उपाय साधा: इंजिन बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग अगदी सावकाश उघडा. या एका गोष्टीसाठी लोक रेड्युसर बदलून मोकळे होतात. सावकाश उघडूनही तो सारखा मिटत असेल तर मात्र पुढे खरंच गळती आहे का, हे साबणाच्या पाण्याने बघायचं. गळती सापडली तर गाडी चालवायची नाही, जाणकाराला बोलवायचं.

बर्फ कुठे जमलाय ते बघा

यात उपकरण लागत नाही, डोळे लागतात. प्रोपेनचा दाब जिथे पडतो तिथे ते वायू होतं, आणि वायू होताना आसपासची उष्णता ओढून घेतं. म्हणून बर्फ हा खुणेचा दगड समजा. रेड्युसरवर असेल तर उष्णता कमी पडते आहे. टाकीवर किंवा सिलेंडरवर असेल तर तिथूनच वायू ओढला जातोय. फिल्टरवर, सोलेनॉइडवर (विजेवर उघडणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हवर) किंवा मधल्या पाइपच्या एखाद्या बेचक्यात बर्फाची गाठ असेल तर नेमका तिथेच अडथळा आहे: फिल्टर चोंदलाय, व्हॉल्व्ह अर्धाच उघडतोय किंवा पाइप चेपलाय. आणि कुठेच बर्फ नसेल, तरी ताकद नसेल, तर उष्णता आणि पुरवठ्याचा संशय कमी करून हवा आणि ठिणगीकडे वळा.

बर्फ नुसता ओला दव आहे की घट्ट थर, हेही बघा. दमट हवेत थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं रेड्युसरवर दव येणं हा दोष नाही.

खात्री करायची सोपी रीत: गाडी बंद करून गोठलेल्या रेड्युसरवर कोमट पाणी ओता. ताकद लगेच परत आली तर दोष उष्णतेचाच. आच किंवा हॉट गन कधीही वापरू नका.

कूलंट: बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पहिल्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच भागात सापडतं.

एक किलो प्रोपेनचा वायू करायला सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता लागते. ६० किलोवॉट ताकद देणारं इंजिन पूर्ण लोडवर ताशी साधारण १५ किलो प्रोपेन घेतं. हिशेब केला तर नुसता वायू करायलाच पावणेदोन किलोवॉट, आणि तो वायू थोडा तापवायचा तर दोनच्या वर. ही सगळी उष्णता रेड्युसरला इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळायची असते. आयडलला मागणी नगण्य असते, म्हणून उभ्या गाडीवर सगळं छान दिसतं. दोष चढावरच प्रकट होतो.

सुरुवात रेडिएटरच्या पातळीपासून. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा. पाणी थोडं जरी कमी असलं तरी उंचावरच्या रेड्युसरमध्ये हवा अडकते. मग इंजिन पूर्ण गरम करा आणि रेड्युसरच्या दोन्ही पाण्याच्या होजना हात लावा. दोन्ही गरम आणि फरक थोडाच, तर प्रवाह ठीक. आत जाणारा गरम, परतीचा थंड, तर प्रवाह फार कमी. दोन्ही थंड, तर एअर लॉक किंवा पूर्ण अडथळा. एवढ्या तपासणीने अर्धं काम होतं.

एअर लॉक वारंवार होत असेल तर पाणी पुन्हा पुन्हा भरून उपयोग नाही, रेड्युसर कुठे बसवला आहे ते बघा. त्याची उंची रेडिएटरमधल्या पाण्याच्या पातळीच्या खालीच हवी. जागा मिळाली म्हणून फायरवॉलवर उंच बसवलेला रेड्युसर आयुष्यभर हवा पकडत राहतो. तो खाली आणणं हाच उपाय.

मग जोडणी. इंजिनातून निघणारं गरम पाणी रेड्युसरला आणि परतीचं पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला, अशी हवी. केबिनच्या हीटरबरोबर एकाच साखळीत जोडलं असेल आणि हीटरचा व्हॉल्व्ह पाणी बंद करत असेल, तर हीटर बंद केला की रेड्युसरचंही पाणी बंद. उन्हाळ्यात हीटर कुणी लावत नाही. म्हणूनच "फक्त उन्हाळ्यात गोठतो" अशी उलटी वाटणारी तक्रार ऐकू येते.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल किंवा गरम हवामानाच्या नावाखाली काढूनच टाकला असेल तर पाणी कधी पुरेसं तापतच नाही. प्रोपेनच्या इंजिनात थर्मोस्टॅट हवाच, साधारण ८२ अंशांचा किंवा त्याहून वरचा. काटा मध्यापर्यंत कधीच चढत नसेल तर इथेच थांबा आणि तो आधी बदला. स्वस्त भाग आहे.

आणि कूलंटमध्ये अँटिफ्रीझ असलंच पाहिजे, हवामान कितीही गरम असो. इंजिन थंड असताना पाणीही थंड असतं, आणि प्रोपेन मात्र पहिल्या क्षणापासून उष्णता ओढू लागतं. त्या काही मिनिटांत एक्सलेटर दाबला तर रेड्युसरमधलं नुसतं पाणी आतच गोठू शकतं. मग वाट बंद होते, आणि कधी कधी रेड्युसरची बॉडीही तडकते. म्हणून अँटिफ्रीझ घाला, आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गाडी हळू चालवा.

थांबायची जागा: रेडिएटरमधून गॅसचा वास येत असेल, किंवा पाण्यात सतत बुडबुडे येत असतील. बुडबुडे हेड गॅस्केटमुळेही येतात, पण वास असेल तर रेड्युसरच्या आत गॅस आणि पाणी यांच्यातलं सील गेलं आहे असं समजून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. ही दुरुस्ती गॅसच्या कामाचा परवाना असलेल्या माणसाचीच.

फिल्टर आणि सोलेनॉइड

फिल्टर बदला. किती किलोमीटरवर, ते किटच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल आणि शेवटचं कधी बदलला ते आठवत नसेल तर आजच बदला. सोलेनॉइड चावी लावल्यावर टक् असा वाजला पाहिजे. वाजतो पण लोडला गॅस अडतो, असं असेल तर त्याच्या टर्मिनलवर इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज मोजा. जुनी वायर, गंजलेला अर्थ, यामुळे व्होल्टेज पडतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. काही किटमध्ये सोलेनॉइडऐवजी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर उघडणारा लॉक-ऑफ असतो. त्याची बारीक रबरी नळी तडकली की तो अर्धवट उघडतो. ती नळी हाताने वाकवून बघा, तडा बाहेरून दिसत नाही.

हवा

एअर फिल्टर चोंदला की पेट्रोलवर ताकद कमी होते एवढंच. मिक्सरवर आणखी एक गोष्ट होते. मिक्सर स्वतःच्या ओढीने रेड्युसरमधून गॅस मागतो. फिल्टर चोंदला की ओढ वाढते, पण हवा वाढत नाही, म्हणून मिश्रण घट्ट होतं. पाचव्या तक्रारीचं हे सगळ्यात स्वस्त कारण. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर दिसतो. प्रोपेन जास्त झालं तरी धूर जवळजवळ दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्या एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत असं इंजिन चालू ठेवू नका.

उलट बाजूने, मिक्सरच्या खाली कुठे हवा आत शिरत असेल तर मिश्रण पातळ होतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (क्रॅंककेसमधली वाफ परत ओढणारी) नळी, मिक्सर आणि थ्रॉटल बॉडीमधला अडॅप्टर. रूपांतर केलेल्या इंजिनात हा अडॅप्टर नेहमीचा गुन्हेगार. आयडलवर एकेका जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की जागा सापडली. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इंजिन गरम ठेवतं, बॅकफायर करतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खातं. शेवटच्या भागात हे परत येणार आहे.

ठिणगी

मिक्सरच्या इंजिनात सिलेंडरपर्यंतचं सगळं मॅनिफोल्ड पेटायला तयार मिश्रणाने भरलेलं असतं. इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना एक चुकार ठिणगी पडली की तेच सगळं पेटतं. म्हणून पेट्रोलवर चालून जाणारी प्लग-वायर प्रोपेनवर चालत नाही. शिवाय प्रोपेनच्या मिश्रणात ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि कम्प्रेशन वाढवलेलं असेल तर आणखी. जुन्या वायरमधून ते व्होल्टेज सोपी वाट शोधतं आणि शेजारच्या वायरमध्ये उडी मारतं.

अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींकडे बघा. कुठे निळसर चमक दिसली तर त्या वायरी बदला. मात्र हे करण्याआधी आसपास गॅसचा वास नाही ना, याची खात्री करा. फायरिंग ऑर्डरमध्ये लागोपाठ येणाऱ्या आणि शेजारी असलेल्या सिलेंडरच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका, लांब ठेवा किंवा काटकोनात ओलांडा. प्लग एक पायरी थंड घ्या, गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून तडकलेली आहे का, बघा.

टायमिंग पेट्रोलचंच ठेवलं तर इंजिन चालतं, पण मजा येत नाही. खालच्या आरपीएमला प्रोपेनला पेट्रोलपेक्षा थोडा जास्त ॲडव्हान्स (ठिणगी आधी पाडणं) मानवतो, वरच्या आरपीएमला एकूण ॲडव्हान्स मात्र जास्त लागत नाही. ऑक्टेन चांगलं असल्यामुळे जास्त ॲडव्हान्स केला तरी खडखड ऐकू येत नाही, आणि माणसाला वाटतं अजून वाढवता येईल. ऐकू आलं नाही तरी हेडला उष्णता लागतच असते. टायमिंग लाइटने मोजून करा, कानाने नको.

बॅकफायर एकदा झाला की मिक्सरचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाटलेला डायफ्रॅम म्हणजे कायमचं बिघडलेलं मिश्रण, आणि त्यातून पुढचा बॅकफायर.

रेड्युसर उघडण्याआधी

रेड्युसरच्या तळाला ड्रेन प्लग असतो. इंधनातले जड घटक आणि रबरी नळ्यांतून आलेला चिकट तेलकट मळ तिथे साठतो. टाकी बंद, लाइन रिकामी, आणि रेड्युसर अजून गरम असताना प्लग काढा. थंड झाला की ते घट्ट होतं आणि निघत नाही. त्याला फार उग्र वास येतो, कारण गॅसला वास यावा म्हणून घातलेलं द्रव्य त्यात साचतं. कपड्यांवर पडू देऊ नका.

रेड्युसर दाब दोन टप्प्यांत उतरवतो. मग त्यातल्या दुसऱ्या टप्प्याची तपासणी. ड्रेन प्लग परत बसवा. हा टप्पा असा बनवलेला असतो की मिक्सरने ओढल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. मिक्सरकडची होज काढा, उघड्यावर, आसपास ठिणगीचं काही नसताना. इंजिन बंद ठेवून टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा, सोलेनॉइड उघडा करा आणि होजच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. पडदा फुगत राहिला तर आतली सीट गळते. अशा रेड्युसरने आयडल कधीच स्थिर राहत नाही, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, आणि गॅसही वाया जातो.

इथे बहुतेकांनी थांबावं. डायफ्रॅम आणि सीटचा संच मिळतो, बसवताही येतो, पण त्यानंतर पहिल्या टप्प्याचा दाब गेजने मोजावा लागतो. तो बनावटीनुसार वेगळा असतो, काहींत ०.१ बारच्या आसपास, काहींत ०.५ च्या जवळ. लिव्हरची उंचीही मापाने बसवायची असते. गेज नसेल, त्या बनावटीचे आकडे हातात नसतील, तर रेड्युसर जाणकाराकडे द्या. टाकी, टाकीचे व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या दुरुस्तीला तर कोणत्याही परिस्थितीत आपण हात लावायचा नाही.

आता स्क्रू

वरचं सगळं स्वच्छ निघालं असेल तरच. आधी प्रत्येक स्क्रू पूर्ण आत नेईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा आणि परत होता तिथे आणा. एका वेळी एकच स्क्रू हलवा. इंजिन पूर्ण गरम हवं.

एक्झॉस्टमधला वाइडबँड मीटर (मिश्रण मोजणारा) वापरत असाल तर आकडा लॅम्डामध्ये बघा; लॅम्डा १ म्हणजे नेमकं मिश्रण, १ च्या वर पातळ, खाली घट्ट. प्रोपेनचं नेमकं मिश्रण वजनाने १५.७ ला १ च्या आसपास असतं, पेट्रोलचं १४.७ ला १. पण पेट्रोलसाठी आखलेला मीटर प्रोपेनवरही नेमक्या मिश्रणाला १४.७ च दाखवतो, कारण तो खरं तर लॅम्डा मोजतो आणि पेट्रोलच्या आकड्याने गुणतो. मीटरवर १५.७ आणायला गेलात तर इंजिन पातळ मिश्रणावर धावेल. आयडल आणि सावकाश चालण्याला लॅम्डा १ च्या जवळ, पूर्ण लोडला १ च्या किंचित खाली. लोडचा स्क्रू उभ्या गाडीवर लागत नाही; डायनोवर किंवा चढावर, मीटर बघायला दुसरा माणूस बरोबर घेऊन लावायचा.

एवढं करूनही आयडल थरथरत असेल

तर चौथी तक्रार, आणि दोष इंजिनाच्या आत. टॅपेट हाताने लावायचे असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट मोजा. ती प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी भरत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत चालला आहे. प्रोपेन कोरडं इंधन. जुन्या शिसेयुक्त पेट्रोलने सीटवर जो थर राहायचा तो इथे नाही, आणि मऊ ओतीव लोखंडाची सीट गरम व्हॉल्व्हखाली झिजत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह मिटत नाही, वायू निसटतो आणि कड जळते. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर फटीवरून काहीच कळत नाही, ते झीज लपवतात. मग कम्प्रेशन मोजा, आणि जमलं तर लीक-डाउन (सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) करा. सायलेन्सरमधून हवेची फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला.

हे मशीन शॉपचं काम. तिथे जाताना इंजिन फक्त प्रोपेनवर चालणार की पेट्रोलवरही, हे आधी सांगा, कारण त्यावर पुढचं ठरतं. एक्झॉस्टला कठीण सीट घाला, व्हॉल्व्ह स्टेलाइटच्या (उष्णतेत टिकणाऱ्या कठीण मिश्रधातूच्या) तोंडाचे घ्या. फक्त प्रोपेन असेल तर कम्प्रेशन १०.५ ते ११ ला १ पर्यंत नेता येतं, आणि मिक्सरमुळे गेलेली थोडी ताकद तिथे परत मिळते. दोन्ही इंधनं हवी असतील तर पेट्रोल सोसेल तेवढंच ठेवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात मॅनिफोल्ड तापवणारी एक्झॉस्टची वाट असते. प्रोपेनला तिची गरज नाही, ती बंद करून घ्या, म्हणजे हवा थंड आणि घट्ट जाईल.

हेड परत बसल्यावर फटींची मापं वहीत लिहा, हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, मग पुढच्या सर्व्हिसला. सुरुवातीला थोडा फरक पडतो आणि मग माप स्थिर राहतं. कठीण सीट असूनही माप घटतच राहिलं तर मशीन शॉपला दोष देण्याआधी लोडवरचा लॅम्डा परत बघा. पातळ मिश्रणावर चाललेला व्हॉल्व्ह कुठल्याच सीटवर टिकत नाही.